सुई टोचता येते, मग कोर्सला पैसे कशाला घालू?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. बारावी कला शाखा, दोन लेकरं, नवऱ्याची तीन एकर कोरडवाहू शेती. चार वर्षांपासून गावातल्या पंधरा खाटांच्या खासगी दवाखान्यात ‘मावशी’ म्हणून कामाला आहेत. बारा तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, महिन्याला ७,००० रुपये. सुरुवात झाडू-फडक्यापासून झाली, आता रात्रपाळीला इंजेक्शन आणि सलाईन त्याच लावतात. पेशंट त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात. शहरातल्या एका संस्थेनं एका वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ ६०,००० रुपयांत देऊ केला आहे, हजेरीची अट नाही. पुण्याचा एक ब्यूरो घरी राहून चोवीस तास पेशंट सांभाळायचे २०,००० देतो म्हणतो. सासरी रोजचं बोलणं आहे, “लोकांचं गू-मूत काढून घरात येती.” ताई विचारतात, “मला सगळं काम येतं. मग नुसत्या कागदासाठी साठ हजार का घालू? पुण्याला जाऊ, का हे सगळं सोडून शिलाई मशीन घेऊ?” आणि सहीच्या वर एक ओळ आहे: “लकवा झालेली एक आजी पाच आठवडे आमच्याकडं होती, पण तिची पाठ मी फुटू दिली नाही.”

ताई,

तुमच्या पत्रात इंजेक्शन आणि सलाईनवर दीड पान आहे, आणि त्या आजीवर एकच ओळ. उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करावं लागेल, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचा गुंता तिथंच सुटतो.

लकवा झालेलं म्हातारं माणूस पाच आठवडे अंथरुणावर आणि माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कुठंही जखम नाही, हे मोठ्या शहरातल्या दवाखान्यातसुद्धा आपोआप होत नाही. हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वरून दिसतं तेव्हा फक्त लाल डाग असतो, आतलं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री बाराला, दोनला, चारला, सहाला कुणीतरी उठावं लागतं. तिथं तुम्ही उठलात.

आता प्रश्न असा, की तुम्ही तिला ओढून सरकवलं की उचलून? एकट्यानं काखेत हात घालून वर ओढलं तर कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं. त्या ताणानंच जखमेला सुरुवात होते. शिवाय लकव्याच्या बाजूचा खांदा काखेतून ओढला की सांध्यातून निसटतो आणि पुढं कायमचा दुखतो. बरोबर पद्धत अशी: जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची. दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, गुडघे थोडे वाकवायचे आणि एका दमात उचलून सरकवायचं. कुशीवर पूर्ण आडवं करायचं नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. साधारण तीस अंश तिरपं करून पाठीशी उशी लावायची. पोटरीखाली दुसरी उशी अशी ठेवायची की टाच गादीला टेकणारच नाही. मग लाल जागा शोधायची आणि बोटानं दाबायची. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर जखम सुरू झालेली आहे, त्या बाजूवर पुन्हा झोपवायचं नाही. आणि तिथं तेल लावून चोळायचं नाही. घरोघरी हेच करतात, मायेनं करतात, पण आधीच चेपलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्यानं आणखी फुटतात. मधे भोक असलेली हवेची रिंगही नको, तिच्या कडेला दाब वाढतो. चादरीची चुणी, गाऊनचं बटण, भाकरीचा चुरा, ओलं राहिलेलं गोधडीचं टोक, यातलं काहीही जखमेला पुरेसं होतं.

यातलं निम्मं तुम्हाला हातानं माहीत असेल, निम्मं नसेल. जे नाही ते शिकणं म्हणजे प्रशिक्षण, आणि कागद त्याच्या मागून येतो. तुम्ही विचारता की सगळं येतं तर कोर्स कशाला. चार वर्षांत हात बसतो हे खरंच आहे, पण कुणी चूक दाखवली नाही तर चुकीचाही हात तितकाच पक्का बसतो. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित होत्या. त्या आठवड्याच्या आठवड्याला शिकायला यायच्या, गावात काय झालं ते सांगायच्या, काय चुकलं ते ऐकायच्या, आणि कोणता पेशंट आपल्या हातात ठेवायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या, ‘भारतवैद्य’ म्हणवणाऱ्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकाही अशाच शिकल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागं या बायकांचं काम होतं. त्यांच्याकडं पदवी नव्हती, पण शिकवणारं आणि हटकणारं माणूस कायम होतं. तुमच्या रात्रपाळीला ते नाही.

आता इंजेक्शन-सलाईनच्या दीड पानाबद्दल. तुमच्या लेखी खरं काम ते, आणि बाकीचं हलकं. हा समज थोडा उलटा करून बघा. सुई टोचणं हा इंजेक्शनमधला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड ते त्याच्या आधी आणि नंतर येतं. पाचशे मिलिलीटरची बाटली आठ तासांत द्यायची असेल आणि सेट नेहमीचा, वीस थेंबांना एक मिलिलीटरवाला असेल, तर मिनिटाला २१ थेंब पडायला हवेत. घड्याळ लावून कुणी मोजलं नाही आणि तीच बाटली दोन तासांत गेली, तर तरण्याताठ्याला कळणारही नाही, पण हृदय कमजोर असलेल्या म्हातारीच्या फुप्फुसात पाणी भरेल. कुल्ल्यात सुई आत-खाली गेली तर पायात उतरणारी मोठी नस दुखावते आणि पाऊल लुळं पडतं. पोटॅशियम क्लोराईडची कुपी इंजेक्शनच्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसते. ती पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय जागेवर थांबतं. अँटिबायोटिक दिल्यावर पेशंटचा श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर मांडीत ॲड्रेनालिन काही मिनिटांतच द्यावं लागतं. रात्री दीडला ते कुठं ठेवलंय, किती द्यायचं, कुणाच्या आदेशानं द्यायचं, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं आहे का?

शिवाय हे काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी असलेल्या परिचारिकेचं आहे. तुमची नोंदणी नाही. उद्या काही विपरीत झालं तर नातेवाईक ज्या हाताकडं बोट दाखवतील तो तुमचा असेल. तोंडी आदेशाला साक्षीदार नसतो आणि केसपेपरवर तुमच्या नावाला पद नसतं. तालुक्याच्या गावाला शिकलेल्या सिस्टर टिकत नाहीत, त्या संभाजीनगरला नाहीतर पुण्याला जातात, डॉक्टरांची अडचण खरी आहे. पण त्या अडचणीचा धोका ७,००० रुपयांवर तुम्ही का उचलायचा?

‘मावशी’ हा शब्दही एकदा नीट बघा. शब्द मायेचा आहे, पण पगारपत्रकावर मावशी नावाचं पद नसतं. नात्यानं हाक मारली की मजुरी मागताना जीभ अडखळते. सरकारी कामातही तेच आहे. ‘आशा’ योजना २००५ साली सुरू झाली तेव्हापासून त्या स्वयंसेविका आहेत, अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस आहेत, आणि त्यांना मिळतं ते मानधन. पगार हा शब्दच टाळलेला. घरातलं तर कुणी मोजतही नव्हतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायका-पुरुषांचं मोजलं, तर घरातल्यांचा सांभाळ करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ७४. सांभाळ करणारे पुरुष मुळात बायकांच्या निम्मेच. जे काम घरात फुकट होतं ते बाहेर स्वस्तातच मिळालं पाहिजे, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. तुमच्या सासरच्यांनीही आणि दवाखान्यानंही.

गू-मूत काढण्याच्या बोलण्याचं मूळ आपल्याकडच्या विटाळात आहे. कुणी कशाला हात लावायचा हे जातीनं ठरवलं आणि हात लावणाऱ्यालाच खालचं ठरवलं. ते बोलणं एका दिवसात थांबणार नाही, पण निदान तुम्ही स्वतः ते खरं धरू नका. भांडं उचलणाऱ्या बाईला जे दिसतं ते राउंडला आलेल्या डॉक्टरला दिसत नाही. लघवी चोवीस तासांत चारशे मिलिलीटरच्या खाली गेली तर मूत्रपिंड संकटात असू शकतं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं, आणि पेशंट लोहाच्या गोळ्या घेत नसेल, तर पोटात कुठंतरी रक्तस्राव होतोय. लघवीच्या पिशवीत गढूळपणा आणि अंगात ताप, म्हणजे नळीतून जंतू चढले. ही पिशवी कायम पोटाच्या खालच्या पातळीवर टांगायची, जमिनीला टेकवायची नाही, दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, आणि पेशंटला हलवताना गादीवर ठेवायची नाही, कारण लघवी उलटी आत जाते. यातली एकेक गोष्ट वेळेवर कळण्यानं माणूस वाचतो, आणि ती कळते ती तुम्हाला.

आता कोर्सचं. त्या संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचारा: “हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी कोणत्या नावानं होईल?” उत्तरात ‘एएनएम’ (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा ‘जीएनएम’ (त्याच्या वरचा परिचारिकेचा डिप्लोमा) आलं नाही, “खासगीत चालतं हो”, “सरकारमान्य आहे, आयएसओ आहे” असं काही आलं, तर तो कागद नर्सिंगचा नाही. त्यावर नर्सिंग छापलेलं असलं तरी नाही. आणि हजेरी नको म्हणणारा कोर्स हातानं करायच्या कामाचा असूच शकत नाही. साठ हजार भरून तुम्ही आज जे चोरून करता तेच उद्या खोट्या धीरानं कराल, एवढाच फरक पडेल. हे पैसे घालू नका.

खरे रस्ते दोन आहेत. पहिला एएनएम. दोन वर्षांचा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, वय १७ ते ३५. तुम्ही ३१ च्या आहात, म्हणजे दार उघडं आहे, पण कायमचं नाही. कॉलेज कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, त्या वर्षी किती जागांची मान्यता आहे आणि प्रात्यक्षिकाला कोणता दवाखाना जोडला आहे, हे तिन्ही स्वतः जाऊन बघा. ‘आमचं टाय-अप आहे’ म्हणाले तर त्या दवाखान्यात जाऊन विद्यार्थिनी वॉर्डात दिसतात का ते पाहा. सरकारी दवाखान्यांना जोडलेल्या शाळांत फी बरीच कमी असते, म्हणून आधी तिथंच अर्ज करा. प्रवेशाची पद्धत आणि तारखा बदलत राहतात, त्यामुळं त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय कुणा एजंटच्या हातात कागद देऊ नका. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी किंवा राजपत्र, हे आताच गोळा करून ठेवा. लग्नानंतरच्या नावाचा घोळ ऐन वेळी फार नडतो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल बघा. यात खरी अडचण पैशाइतकीच वेळेची आहे. दोन वर्षं पूर्ण दिवस जातात, तुमचे ७,००० थांबतात आणि लेकरांकडं कुणीतरी बघावं लागतं. नवऱ्याशी बोलताना “मला शिकायचंय” एवढंच म्हणू नका, चोवीस महिन्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. एएनएम झाल्यावर पुढं जीएनएमला जाता येतं आणि तिथं एएनएमवाल्यांना वयाची अट आड येत नाही.

दुसरा रस्ता काही महिन्यांचा. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा घरी जाऊन सांभाळ करणाऱ्यांसाठी ‘होम हेल्थ एड’. सरकारी कौशल्य योजनेतून झाला तर फी लागत नाही. यात सुई नाही. यात कूस बदलणं, अंग पुसणं, उचलणं-बसवणं, भरवणं, तापमान-नाडी-रक्तदाब मोजून लिहिणं, जंतुसंसर्ग टाळणं हे सगळं आहे, म्हणजे ज्यात तुमचा हात आधीच चांगला आहे तेच. आणि तुमच्यासारख्यांसाठी एक सोय आहे जी फारशी कुणाला माहीत नसते: आधीपासून काम करणाऱ्यांचं कौशल्य तपासून, थोडं शिकवून, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची. तिला ‘आरपीएल’ म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं. तिथं जाऊन या दोन कोर्सचं नाव घेऊन विचारा, बॅच कधी आहे, आरपीएल आहे का, प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात. फक्त वर्गात बसवून डमीवर शिकवणार असतील तर दुसरी बॅच बघा.

दोन्हीपैकी कोणता? लेकरांची सोय लागत असेल तर एएनएम, कारण त्यानं तुमचं नाव कायद्यानं नोंदलं जातं आणि रात्रपाळीचं तुमचं भय जातं. ती लागत नसेल तर दुसरा आता करा आणि ३५ च्या आत पहिल्याकडं परत या. पण सुई हातात राहावी म्हणून एएनएम करू नका. पेशंट नीट सांभाळता यावा म्हणून करा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच दुसऱ्या एखाद्या मावशीला “ते भांडं उचल” म्हणाल.

पुण्याचे २०,००० मोठे दिसतात. भागाकार करू. आज बारा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. तासाला साडेबावीस रुपयांच्या आत. पुण्यात चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ७२० तास. तासाला पावणेअठ्ठावीस. तेही ब्यूरोचं कमिशन कापायच्या आधी. वर लेकरं गावाकडं, झोप पेशंटच्या खोकल्यावर, आणि बंद दाराआड तुम्ही एकट्या. तरी जाणं कधी भाग पडलंच, तर या गोष्टी लिहून घेतल्याशिवाय जाऊ नका: कामाचे तास आणि सलग झोपेचे किमान सहा तास, आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण, पेशंटचं काम कोणतं आणि घरचं धुणं-भांडी कुणाची, झोपायची वेगळी जागा, ब्यूरो किती कापणार, पगार थेट तुमच्या खात्यावर. मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्ड कुणाकडंही ठेवायचं नाही. त्रास झाला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. आता आहे त्या स्थितीत मात्र माझं मत पुण्याला जाऊ नका असंच आहे.

त्यापेक्षा तुमच्याच गावात एक काम पडून आहे. तालुक्याच्या गावांत पोरं पुण्या-मुंबईला आणि म्हातारी माणसं वाड्यात, हे आता घरटी चित्र आहे. ऊसतोडीला टोळी गेली की मागं राहिलेल्या आजी-आजोबांचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना चोवीस तासांची बाई नको असते, परवडतही नाही. सकाळचे दोन तास हवे असतात. तेवढ्यात अंग पुसणं, कपडे-चादर बदलणं, पाठ तपासणं, खुर्चीत बसवणं आणि पहिलं खाणं होतं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावायची, चाकं असतील तर ब्रेक लावायचा. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास तोंडाच्या चांगल्या बाजूला, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. लकव्याच्या माणसाला साध्या पाण्याचा ठसका जास्त लागतो, कारण पातळ पदार्थ पटकन घसरतो. दाट वरणात मऊ कुस्करलेली भाकरी, शिजवलेल्या कण्या, घट्ट आंबील हे सोपं जातं. खाताना आवाज घोगरा, ओलसर झाला किंवा खाल्ल्यानंतर वरचेवर ताप येऊ लागला तर अन्न फुप्फुसात उतरतंय. भरवणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी दोन घरं धरा. दर ठरवताना ‘तुम्हाला द्यायचं ते द्या’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तासाचा दर सांगा आणि तो किमान वेतनाच्या तासाच्या दरापेक्षा वरचा असू द्या, कारण जाण्या-येण्याचा वेळही तुमचाच आहे. प्रत्येक घरी एक शंभर पानी वही ठेवा: तारीख, वेळ, काय खाल्लं, लघवी-शौच, पाठ कशी, रक्तदाब, काय वेगळं दिसलं. पुण्यातला मुलगा फोनवर त्या पानाचा फोटो मागेल, तेव्हा तुमच्या कामाची किंमत त्याला वेगळी सांगावी लागणार नाही. आणि घरातल्या सुनेला कूस बदलायची ती लुगड्याची घडी शिकवून या. तुम्ही नसताना बावीस तास तिलाच बघायचंय.

आताच्या दवाखान्यात काय करायचं? उद्याच राजीनामा देऊ नका. डॉक्टरांना दिवसा, पेशंट नसताना, शांतपणे सांगा: “सर, शिरेतली औषधं आणि इंजेक्शन मी यापुढं देणार नाही, माझी नोंदणी नाही. रात्रीचे रक्तदाब, नाडी, लघवीचं माप, कूस बदलल्याच्या वेळा मी लिहून ठेवीन आणि काही बिघडलं तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला फोन करीन.” नुसता नकार देऊ नका, त्याच्या जागी काय देता ते सांगा. बरेच डॉक्टर हे ऐकतात, कारण खटला झाला तर तेही अडकतात. पगाराचं त्याच दिवशी काढू नका, आठवडाभरानं काढा. महाराष्ट्रात रुग्णालयातल्या कामाला किमान वेतन लागू आहे आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. चालू तक्ता जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळतो. तुम्ही आठवड्याला ७२ तास भरता. ४८ च्या वरचे २४ तास जादा कामात येतात आणि त्यांचा दर दुप्पट असतो. तक्त्यासमोर तुमचे ७,००० ठेवून बघा, मग आकडा तुम्हीच ठरवाल. शिवाय हजेरीच्या वहीत नाव, पगार खात्यावर आणि कामाचं पद लिहिलेलं पत्र मागा. पुढं आरपीएलला आणि नोकरीला तेच पत्र अनुभव म्हणून लागेल.

दवाखाना चालवणारे डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. महिन्यातून दोन दुपारी, दोन-दोन तास, आपल्या मावशींना आणि वॉर्डबॉयना एकेक गोष्ट हातात हात धरून शिकवा. पहिल्या महिन्यात हात धुणं आणि कूस बदलणं, दुसऱ्यात उचलणं आणि भरवणं. पुढच्या वेळी आधीचं करून दाखवायला लावा.

शिलाई मशीनबद्दल एवढंच, की मनानं घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण सासूबाईंच्या बोलण्याला कंटाळून घेऊ नका. त्यांना एकदा पाठ बघायची पद्धत दाखवा, सांगा की त्या आजीची पाठ कशी राखली. त्याही त्याच वयाकडं निघाल्या आहेत.

आणि हे सगळं ठरेपर्यंत एक काम थांबायला नको. चार वर्षं सुया हाताळूनही पत्रात हिपॅटायटिस बी च्या लसीचा उल्लेख नाही. तीन डोस असतात: आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्याला. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावू नका, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. सुई लागलीच तर जागा पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. लसीचा खर्च दवाखान्यानं करायचा असतो, तो मागा. नाही म्हणाले तरी पहिला डोस या आठवड्यात घ्या.